गर्भाचे पहिले पाच दिवस

गेल्या दिवाळीच्या सुटीत माझा एक जुना विद्यार्थी बायकोला घेऊन आमच्या घरी आला होता. हल्ली तो जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे, ती अंगणवाडीत काम करते. लग्नाला नऊ वर्षे झाली. फराळ झाला, चहा झाला, बदल्यांच्या गोष्टी झाल्या, तरी दोघे उठेनात. शेवटी तोच म्हणाला, "सर, एक विचारायचं होतं. रागावणार नसाल तर."

मी म्हटले, "अरे, त्यात रागवायचं काय? विचार."

त्याचे म्हणणे थोडक्यात असे होते. बायकोच्या दोन्ही नळ्या बंद असल्याचे तपासणीत निघाले आहे. शहरातील डॉक्टरांनी प्रयोगशाळेत गर्भधारणा करविण्याचा, म्हणजे लोक ज्याला टेस्ट ट्यूब बेबी म्हणतात तो उपाय सुचविला आहे. पैशाची तजवीज कशीबशी झाली. पण मध्येच कुणीतरी मोबाइलवर मजकूर पाठविला की, असा गर्भ काही दिवस काचेत ठेवतात आणि त्यामुळे त्याची जनुके बिघडतात. तेव्हापासून घरात दोन तट पडले आहेत. आई म्हणते, काचेतलं पोर आपल्याला नको. वडील म्हणतात, डॉक्टर सांगतो ते मुकाट्याने करा. आणि ज्या बाईच्या पोटात ते मूल वाढावयाचे, तिला कुणी विचारलेलेच नाही.

मी तिला विचारले, "तुम्हांला काय वाटतं?"

ती म्हणाली, "मला मूल हवंय, सर. पण आम्ही घाई केली म्हणून त्या जिवाला काही झालं, तर ते मला कसं सोसेल?"

श्रोतेहो, मी डॉक्टर नव्हे. तर्कशास्त्र शिकविणारा मास्तर. मी त्यांच्याकडून महिन्याची मुदत मागून घेतली. आमच्या महाविद्यालयातील प्राणिशास्त्राच्या प्राध्यापकांना गाठले, त्यांच्याकडून निबंध मिळविले, न समजले तेथे त्यांना पुन:पुन्हा त्रास दिला. त्यातून जे हाती लागले ते आज तुमच्यापुढे ठेवतो. हा प्रश्न त्या दोघांचाच नाही. प्रत्येक गावात असे एखादे तरी जोडपे असते, आणि त्याच्याविषयी बोलणारी तोंडे पुष्कळ असतात.

प्रथम उपचार कसा असतो ते पाहू. एरवी स्त्रीबीज आणि शुक्राणू यांची गाठ नळीत पडते. तेथे गर्भ तयार होतो आणि हळूहळू सरकत पाच-सहा दिवसांनी गर्भाशयात येऊन रुजतो. नळीच बंद असेल तर ही गाठ पडावयाची कशी? म्हणून डॉक्टर इंजेक्शने देऊन स्त्रीबीजे तयार करतात, ती सुईने बाहेर काढतात आणि प्रयोगशाळेत पतीच्या शुक्राणूंशी त्यांचा संयोग घडवितात. परीक्षानळीचा या कामाशी आता फारसा संबंध राहिलेला नाही. एका लहानशा बशीत पोषक द्रवाचे थेंब असतात, त्यांवर तेलाचा थर असतो. त्या थेंबात मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढा तो जीव इन्क्युबेटर नावाच्या उबेच्या पेटीत वाढत राहतो. उष्णता अंगाएवढी, ३७ अंश. दुसऱ्या दिवशी चार पेशी, तिसऱ्या दिवशी आठ, पाचव्या दिवशी शंभराच्या आसपास. मग तो आईच्या गर्भाशयात सोडतात आणि पुढचे नऊ महिने सर्व मुलांसारखेच. 'काचेतलं पोर' म्हणणाऱ्यांनी एवढे तरी ध्यानात ठेवावे की, काचेत जाते ते पोर नव्हे, त्याचे पहिले तीन ते पाच दिवस.

या पद्धतीने पहिले मूल इंग्लंडातील ओल्डहॅम येथे २५ जुलै १९७८ रोजी जन्माला आले. त्यामागे रॉबर्ट एडवर्ड्स, पॅट्रिक स्टेप्टो आणि जीन पर्डी यांचे श्रम होते. एडवर्ड्स यांना २०१० साली नोबेल पारितोषिक मिळाले. पण त्याच वर्षी, म्हणजे ३ ऑक्टोबर १९७८ रोजी, कलकत्त्यात डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांच्या हातून दुसरे मूल जन्मले होते. त्यांच्यावर कुणी विश्वास ठेवला नाही. चौकशी, हेटाळणी यांना कंटाळून १९८१ साली त्यांनी जीव दिला. आपल्या मुंबईत, के. ई. एम. रुग्णालयात, ६ ऑगस्ट १९८६ रोजी डॉ. इंदिरा हिंदुजा व डॉ. टी. सी. आनंद कुमार यांच्या प्रयत्नाने मुलगी झाली. पुढे जुन्या नोंदी तपासून याच आनंद कुमारांनी १९९७ साली जाहीरपणे सांगितले की, पहिलेपणाचा मान आपला नाही, मुखोपाध्यायांचा आहे. इतक्या सरळपणाची माणसे विद्येच्या क्षेत्रातही रोज भेटत नाहीत. असो. तेव्हापासून आजवर जगात एक कोटीहून अधिक मुले या उपचाराने जन्मली आहेत. त्यांतली पहिली पिढी आता स्वतः आईबाप झाली आहे.

आता मुख्य प्रश्न. त्या पाच दिवसांत गर्भाच्या जनुकांचे काय होते?

तुमच्यापैकी ज्यांनी रात्री-अपरात्री उसाला दारे धरली आहेत, त्यांना हे समजावयास वेळ लागणार नाही. पाटाला पाणी येते. पण कोणत्या सरीत जावयाचे, हे दारे ठरविते. खोऱ्याने माती ओढून दारे बांधले की सरी बंद, दारे मोडले की सरी चालू. शेत तेच, सऱ्या त्याच. दारे धरणारा झोपी गेला तर मात्र एक सरी तुडुंब आणि दुसरी कोरडी राहते.

आपल्या प्रत्येक पेशीत सुमारे वीस हजार जनुके असतात. डोळ्याच्या पेशीत जी असतात तीच यकृताच्या पेशीत असतात. तरी डोळ्यात पित्त तयार होत नाही आणि यकृताला दिसत नाही, कारण प्रत्येक ठिकाणी काही जनुके चालू आणि काही बंद असतात. ही दारी बांधण्याच्या अनेक तऱ्हा आहेत. त्यांतली चांगली परिचयाची तऱ्हा म्हणजे मिथिल नावाचा एक लहानसा रासायनिक गट जनुकाच्या तोंडाशी चिकटणे. तो चिकटला की बहुधा जनुक गप्प बसते. जनुकात लिहिलेला मजकूर जशाच्या तसाच असतो, फक्त तो वाचला जात नाही. मोबाइलवरच्या त्या मजकुराची पहिली चूक येथे आहे. 'जनुके बिघडतात' असे शास्त्रज्ञांचे म्हणणे नाही. दारी इकडची तिकडे होऊ शकतात, असे त्यांचे म्हणणे आहे.

दाऱ्यांनी केवढा फरक पडतो हे पाहावयाचे असेल, तर मधमाशीचे पोळे पाहावे. महाबळेश्वर तालुक्यातले मांघर २०२२ साली मधाचे गाव म्हणून जाहीर झाले. तिकडच्या मधपाळांना हे चांगले ठाऊक असते. राणीमाशी आणि कामकरी माशी सारख्याच अंड्यातून निघतात. पहिले तीन दिवस सगळ्याच अळ्यांना ते दुधासारखे खास अन्न मिळते. जिला राणी करावयाचे तिचे ते पुढेही चालू राहते आणि बाकीच्यांना परागाची व मधाची भाकरी सुरू होते. एवढ्याने एक वर्षानुवर्षे जगून रोज शेकड्यांनी अंडी घालते, आणि दुसरी काही आठवडे राबून मरते. २००८ साली ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी अळ्यांमध्ये मिथिल चिकटविणारी यंत्रणाच मंद करून पाहिली, तर त्यांतल्या बऱ्याच अळ्या राणीसारख्या झाल्या. म्हणजे कोवळ्या वयातले अन्न जनुकांच्या दाऱ्यांपर्यंत पोहोचते. शिक्षक बंधुभगिनींना वर्गात सांगण्यासाठी याहून चांगले उदाहरण मला तरी सापडले नाही.

माणसाच्या गर्भात पहिल्या पाच-सहा दिवसांत फार मोठी उलथापालथ चालू असते. स्त्रीबीजाची आणि शुक्राणूची दारी आपापल्या पूर्वीच्या कामासाठी बांधलेली असतात. नवा जीव सुरू व्हावयाचा तर ती बहुतेक सगळी मोडावी लागतात. नांगरट करून रान सपाट करावे, तसा हा प्रकार आहे. मग गर्भ रुजताना नव्याने दारी बांधली जातात. पण शंभराच्या आसपास जनुके अशी आहेत की त्यांच्या दाऱ्यांना या नांगरटीत हात लागता कामा नये. त्यांच्यावर आईचा किंवा बापाचा शिक्का असतो. एरवी आपल्याला प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती मिळतात, एक आईकडून आणि एक वडिलांकडून, आणि दोन्ही कामाला लागतात. या शिक्क्याच्या जनुकांत मात्र एकच प्रत बोलते, दुसरीने जन्मभर गप्प राहावयाचे असते. गर्भाची वाढ, वारेची वाढ यांची पुष्कळ सूत्रे याच जनुकांच्या हाती आहेत.

आणि योगायोग असा की, ही नांगरट चालू असते नेमके तेच दिवस गर्भ प्रयोगशाळेतल्या थेंबात काढतो. सारी शंका येथून उत्पन्न झाली.

२००० साली अमेरिकेत फिलाडेल्फिया येथे उंदरांवर एक प्रयोग झाला. उंदरांचे गर्भ दोन निरनिराळ्या पोषक द्रवांत वाढविले. एक द्रव जुन्या, साध्या घडणीचा होता. दुसऱ्यात अमिनो आम्लांची भर होती आणि क्षारांचे प्रमाण अधिक जुळवून घेतलेले होते. दोन्हींत गर्भ वाढले, वरून पाहता दोन्ही ठीक दिसले. परंतु एच-१९ नावाचे शिक्क्याचे जनुक तपासले तेव्हा निराळेच निघाले. या जनुकाची आईकडची प्रत बोलते आणि बापाकडची गप्प असते. साध्या द्रवात वाढलेल्या गर्भांत बापाकडची प्रतही बोलू लागली होती. दुसऱ्या द्रवात शिक्का बहुतांशी शाबूत होता. गर्भ दिसावयास चांगला असणे आणि त्याची दारी जागच्या जागी असणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्या दिवशी कळले. पुष्कळ शाळांची तपासणी अशीच होते, भिंती रंगविलेल्या असल्या की शेरा उत्तम, पण ते राहू द्या.

दुसरी गोष्ट गुराढोरांची. गर्भ प्रयोगशाळेत वाढवून गाईच्या किंवा मेंढीच्या पोटात सोडण्याचे काम परदेशात बराच काळ चालू होते. त्यांत कधीकधी वासरे आणि कोकरे अवाढव्य जन्मत. आपल्याकडे गाय अडली म्हणजे काय होते, हे गोठ्यात रात्र काढलेल्या माणसाला सांगावयास नको. एडिंबरोजवळच्या रोझलिन संस्थेत, जेथे १९९६ साली डॉली मेंढी जन्मली तेथेच, लॉरेन यंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी या मोठ्या कोकरांचा शोध घेतला आणि २००१ साली त्याचे कारण मांडले. वाढीला लगाम घालणारे एक जनुक असते. त्याचा शिक्का या कोकरांच्या गर्भांत पुसला गेला होता आणि ते जनुक मंद पडले होते. लगाम सुटला आणि वाढ उधळली. येथे एक दिलाशाची गोष्ट सांगितली पाहिजे. माणसात बहुतेकांच्या बाबतीत हे विशिष्ट जनुक शिक्क्याखाली नसतेच, त्याच्या दोन्ही प्रती बोलत असतात. मेंढीत जे झाले ते जसेच्या तसे माणसात होईल, असे म्हणता येत नाही.

मग माणसांचे काय? २००३ च्या सुमारास इंग्लंड, फ्रान्स आणि अमेरिका अशा तीन देशांतल्या डॉक्टरांना एकच गोष्ट वेगवेगळी दिसली. बेकविथ-वीडेमान नावाचा एक जन्मजात विकार आहे. त्यात मूल प्रमाणाबाहेर वाढते, जीभ मोठी असते, कधी बेंबीपाशी पोटाची भिंत नीट मिटलेली नसते, जन्मतः रक्तातील साखर उतरते आणि लहानपणी मूत्रपिंडात वगैरे गाठी होण्याचा धोका असतो. या विकाराच्या मुलांत प्रयोगशाळेतील गर्भधारणेने झालेली मुले अपेक्षेपेक्षा अधिक होती. आणि त्यांच्यात बहुधा एकाच ठिकाणचा आईकडचा शिक्का पुसलेला होता.

हा आकडा नीट समजून घेऊ या, कारण घाबरविणारे लोक नेहमी अर्धाच आकडा सांगतात. हा विकार एरवी दहा ते चौदा हजार मुलांत एकाला होतो. इटलीतील पिडमाँट प्रांताच्या नोंदींवरून २०१७ साली जे गणित प्रसिद्ध झाले, त्यात उपचाराने झालेल्या मुलांत तो सुमारे अकराशेंत एकाला आढळला. म्हणजे धोका दसपट झाला. हे ऐकून छातीत धस्स होते. पण अकराशेंतील उरलेल्या एक हजार नव्व्याण्णव मुलांना तो विकार नव्हता, हेही त्याच आकड्यात लिहिलेले आहे. 'दसपट' हेही खरे आणि 'फार विरळा' हेही खरे. माझ्या वर्गात मी हे गणित दोन्ही बाजूंनी सोडवून घेतो.

आता मला जी हकीकत सर्वांत अधिक विचार करावयास लावणारी वाटली, ती सांगतो. ती हॉलंडची आहे. पोषक द्रव निरनिराळे असतात आणि ते व्यापारी कंपन्या बनवितात. त्यांत क्षार असतात, साखर असते, अमिनो आम्ले असतात, अल्ब्युमिन नावाचे प्रथिन असते. पण नेमके किती, हे पुष्कळदा कंपन्या सांगत नाहीत. मसाल्याची चूल वेगळी ठेवावी तसे ते आपले माप झाकून ठेवतात. हॉलंडच्या मास्त्रिख्त येथील डॉक्टरांना २०१० साली असे दिसले की, दोन कंपन्यांच्या द्रवांत वाढलेल्या मुलांच्या जन्माच्या वेळच्या वजनात फरक पडतो. योगायोग असेल, असे कुणीही म्हटले असते. म्हणून २०१० ते २०१२ या काळात सहा केंद्रांत रीतसर चाचणी झाली. ८३६ जोडप्यांना चिठ्ठ्या टाकाव्या तसे दोन गटांत वाटले. एका गटाचे गर्भ एच. टी. एफ. नावाच्या जुन्या द्रवात आणि दुसऱ्याचे जी-५ नावाच्या नव्या द्रवात वाढविले. निकाल २०१६ साली जाहीर झाला. नव्या द्रवात गर्भ रुजण्याचे प्रमाण अधिक होते. पण त्यातली मुले जन्मतः सरासरी १५८ ग्रॅमने हलकी होती.

विचार करून पाहा. तो थेंब गर्भाच्या वाट्याला आला दोन-तीन दिवस. पुढे नऊ महिने आईचेच रक्त, आईचेच अन्न. तरी त्या दोन-तीन दिवसांची खूण जन्माच्या दिवशी तराजूवर दिसते! १५८ ग्रॅमनी मूल आजारी पडते असे नाही. पण ज्या द्रवाला आपण नुसते पाणी समजत होतो, तो नुसते पाणी नाही, एवढे त्यातून पक्के झाले. त्याच वर्षी युरोपातील काही तज्ज्ञांनी लिहून मागणी केली की, या द्रवांत काय काय आहे ते कंपन्यांनी उघड करावे आणि मुलांवरील परिणाम पाहिल्याशिवाय नवा द्रव वापरात आणू नये. मला ती मागणी अगदी रास्त वाटते. खताच्या पोत्यावर नत्र किती, स्फुरद किती हे छापलेले असते. माणसाच्या गर्भाला जे पाजतात त्याच्या बाटलीवर ते का नसावे?

परंतु तर्कशास्त्राच्या मास्तराने येथे थांबून चालणार नाही. हे वजनाचे अंतर दाऱ्यांमुळेच पडले काय? त्याच चाचणीतील मुलांच्या नाळेचे रक्त पुढे तपासले, त्याचा निकाल २०२२ साली आला, आणि मिथिलच्या खुणांत दोन गटांमध्ये ठळक फरक सापडला नाही. वजनात फरक आहे, पण नाळेच्या रक्तात त्याचे कारण दिसत नाही. शिवाय आणखी एक गोम आहे. उपचार घेणारे जोडपे मुळातच असे असते की ज्यांना मूल होण्यात अडचण आहे. वय थोडे अधिक असते, कधी आजार असतो. मुलात काही उणे निघाले, तर ते थेंबामुळे की आईबापांच्या मूळ अडचणीमुळे? नॉर्वेत २००८ साली हे तपासण्यासाठी एक चांगली युक्ती केली. ज्या आयांना एक मूल उपचाराने आणि एक आपोआप झाले होते, त्यांची भावंडेच एकमेकांशी ताडून पाहिली. तेव्हा बराचसा फरक नाहीसा झाला. अर्थ असा की, सगळा दोष बशीच्या माथी मारता येत नाही.

आणि निसर्गाची नळी म्हणजे तरी सर्व काही सुरक्षित, असे कुठे आहे? १९४४-४५ च्या हिवाळ्यात, महायुद्धात, हॉलंडच्या पश्चिम भागात भयंकर उपासमार झाली. त्या दिवसांत ज्यांचा गर्भ राहिला त्यांचे रक्त साठ वर्षांनी तपासले, तेव्हा वाढीच्या एका जनुकावर मिथिलच्या खुणा त्यांच्याच भावंडांपेक्षा कमी आढळल्या. ती मुले आपोआप झालेली, कुठल्याही प्रयोगशाळेत न गेलेली. तरी पहिल्या दिवसांतल्या भुकेने दाऱ्यावर हात ठेवलाच. आपल्याकडच्या वडीलधाऱ्यांना बहात्तरचा दुष्काळ आठवत असेल. त्या वेळच्या गरोदर बायांच्या ताटात काय होते, याची चौकशी आपण कधी केली नाही, आणि बशीतल्या पाच दिवसांची मात्र गावभर चर्चा करतो.

अशा खुणा टिकतात किती? याचे एक उत्तर ऑस्ट्रेलियातून २०१९ साली आले. मेलबर्नच्या संशोधकांनी उपचाराने जन्मलेल्या आणि आता २२ ते ३५ वर्षांच्या झालेल्या माणसांचे रक्त तपासले. त्यांच्या जन्माच्या वेळी टिपकागदावर घेतलेले रक्ताचे थेंबही जपून ठेवलेले होते. जन्माच्या वेळी इतरांहून काही ठिकाणी खुणा निराळ्या होत्या. मोठेपणी त्यांतल्या बहुतेक पुसट झालेल्या दिसल्या. मुंबईची ती १९८६ सालची मुलगी २०१६ साली स्वतः आई झाली, हेही या दोघांना मी सांगितले.

हो, ते दोघे पुन्हा आले होते. मार्गशीर्षात. या वेळी त्याची आईही बरोबर होती. मी हे सारे, जसे तुम्हांला सांगितले तसेच, त्यांना सांगितले. ऐकून झाल्यावर म्हातारी म्हणाली, "म्हंजी मास्तर, धोका हाय का न्हाई ते सांगा की सरळ."

मी म्हटले, "आजी, आहे. थोडा आहे. पण तुम्ही समजता तो नाही. सगळ्यांत मोठा धोका थेंबाचा नव्हे, जुळ्यांचा. दोन-दोन, तीन-तीन गर्भ एकदम सोडतात, मग जुळी-तिळी होतात, दिवस भरण्याआधी जन्मतात, आणि खरा त्रास तिथं होतो."

मग आम्ही डॉक्टरांना विचारावयाचे प्रश्न कागदावर लिहून काढले. एका वेळी एकच गर्भ सोडणार का? गर्भ तीन दिवस ठेवणार की पाच, आणि का? पेटीत प्राणवायू किती ठेवता? नळीत तो हवेपेक्षा पुष्कळ कमी असतो, म्हणून चांगल्या ठिकाणी पाच टक्क्यांच्या आसपास ठेवतात, बाहेरच्या हवेसारखा वीस टक्के नव्हे. द्रव कोणता वापरता? गर्भ ताजा सोडणार की गोठवून ठेवून नंतर? गोठविलेल्या गर्भाची मुले जन्मतः थोडी जड, ताज्याची थोडी हलकी असतात, म्हणून हे विचारून ठेवलेले बरे. आणि मूल झाल्यावर बालरोगतज्ज्ञाला उपचाराविषयी सांगावे, जीभ किंवा बेंबी यांत काही वेगळे दिसले तर लगेच दाखवावे. हे विचारताना भीड बाळगण्याचे कारण नाही. २०२१ च्या कायद्याने अशा प्रत्येक दवाखान्याची नोंदणी सक्तीची झाली आहे आणि फायदे, तोटे, खर्च, धोके जोडप्याला समजावून सांगणे हे दवाखान्याचे कर्तव्य ठरविले आहे.

लिहिताना सुनेचे अक्षर होते. प्रश्न मी सांगत होतो, पण शेवटचा तिने स्वतःच्या मनाने घातला : 'आमच्या मुलाची नोंद तुम्ही किती वर्षे ठेवणार?' मला तो सुचला नव्हता. ऑस्ट्रेलियात पस्तीस वर्षांनी रक्त तपासता आले ते कुणीतरी टिपकागद जपून ठेवला म्हणून, हे तिने नेमके पकडले होते.

पुढच्या खेपेला तिघे मिळून डॉक्टरांकडे गेली. डॉक्टर पहिल्याने जरा चमकले म्हणे, मग बसून उत्तरे दिली. एकच गर्भ सोडावयाचे ठरले. द्रवाचे नाव त्यांना चटकन सांगता येईना, तेव्हा त्यांनी प्रयोगशाळेतल्या बाईंना बोलाविले. त्या बाईंनी बाटलीच आणून समोर ठेवली. सुनेने लेबलावरचे नाव वहीत उतरवून घेतले. म्हातारीने ती बाटली हातात घेऊन उजेडाकडे धरून पाहिली आणि विचारले, "ह्येच का त्ये?" बाई म्हणाल्या, "हो आजी, हेच." नोंदीच्या प्रश्नाचे उत्तर तेवढे राहिले आहे, ते विचारून कळवू असे डॉक्टरांनी सांगितले. पुढची तारीख संक्रांतीनंतरची मिळाली आहे.